ओडवासाची पट्टी

तुकोजीरावांनी पागोट्याचा सुटलेला शेव खोचला आणि चावडीसमोर चुन्याने आखलेल्या रेघेच्या डाव्या टोकाशी जाऊन उभे राहिले. उजव्या टोकाशी डाह्याभाई पटेल आधीच येऊन उभे होते, हात जोडून, चेहऱ्यावर लग्नघरच्या यजमानाचे हसू घेऊन. मधे कडुलिंबाच्या सावलीत बडोद्याहून आलेले तालुक्याचे अंमलदार, वहिवाटदार गणपतराव खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्या शेजारी त्यांचा कारकून. रीत सोपी होती. कारकुनाने नाव पुकारायचे, ज्याचे नाव त्याने पुढे यायचे आणि दोघांपैकी जो हवा असेल त्याच्या मागे जाऊन उभे राहायचे. ज्याची रांग लांब, तो गावपंचायतीचा मुखी.

तुकोजीरावांनी एक मुदत मुखीपण केले होते आणि दुसरी त्यांना हवी होती. आजोबा गायकवाडांच्या फौजेत शिलेदार होते. रायणपुऱ्यात त्यांना जमीन मिळाली आणि घर इथलेच होऊन गेले. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर गुजराती, आणि साऱ्या गावाच्या तोंडी ‘बापू’. त्या ‘बापू’वर तुकोजीरावांचा जरा जास्तच भरवसा होता.

रायणपुरा बडोद्यापासून काही फार लांब नव्हता, पण पावसाळ्यात तो काशीइतका लांब व्हायचा. चाकाच्या कण्यापर्यंत चिखल, गाड्या गावातच अडकलेल्या, कापूस घरातच पिवळा पडायचा. मुखी झाल्यावर तुकोजीरावांनी गाड्यांवर पट्टी बसवली, कौलारू घरांवर पट्टी बसवली, चार शिव्या खाल्ल्या आणि भराव घालून थेट बडोद्याच्या रस्त्याला जाऊन मिळणारी सडक केली. कापूस वेळेवर बाजारात जाऊ लागला. पहाटेचे दूध शहरात विकले जाऊ लागले. पटेलांच्या घरांवर माड्या चढल्या. आणि माडी चढल्यावर पट्टी जास्तच डाचू लागली.

“रस्ता तर झाला,” डाह्याभाई ओट्याओट्यावर बसून म्हणत होते. “आता पट्टी कशाची?”

याचे उत्तर तुकोजीरावांपाशी होते, पण ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता. गावाच्या मावळतीला कोतर होते, मातीची खोल घळ. तिच्या पलीकडे ओडांची वस्ती. ओड म्हणजे माती खोदणारे लोक. गाढवे घेऊन गावोगाव फिरायचे, कुठे तळे खोद, कुठे बांध घाल. संवत १९५६च्या, म्हणजे छप्पन्याच्या दुष्काळात सरकारी तळ्याच्या कामावर ते इथे आले आणि काम संपल्यावर कुणी उठवले नाही म्हणून राहिले. सडकेचा भराव त्यांनीच घातला होता. पाऊस लागला की कोतर भरायचे आणि ओडवास तुटायचा. गेल्या श्रावणात ओडांचा म्होरक्या वेला याची सून पलीकडे अडली होती आणि सुईण अलीकडच्या काठावर उभी होती. दोघींच्या मधे पाणी होते. त्या रात्री तुकोजीराव काठावर कंदील धरून उभे राहिले, दुसरे काहीच करू शकले नाहीत. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात कोतरावरच्या पुलाखेरीज काही नव्हते. पट्टी आणखी काही वर्षे चालली असती तर पूल झाला असता. म्हणून ते आज या रेघेवर उभे होते.

कारकून नावे पुकारू लागला. एकेक पटेल पुढे येई, गणपतरावांना नमस्कार करी, क्षणभर घुटमळे आणि उजवीकडे जाई. बहुतेकांनी तुकोजीरावांच्या नजरेला नजर द्यायचे टाळले. शिवाभाई मात्र सरळ त्यांच्याकडे आला. पट्टीच्या सगळ्यात मोठ्या शिव्या त्याच्या होत्या आणि सगळ्यात उंच माडीही त्याचीच. त्याने वाकून तुकोजीरावांच्या पायांना हात लावला.

“बापू, खोटुं न लगाडशो,” तो हळूच म्हणाला. वाईट वाटून घेऊ नका. आणि जाऊन डाह्याभाईंच्या मागे उभा राहिला.

तुकोजीरावांच्या मागे गावचा ब्राह्मण, एक लोहार, दोन कुंभार आणि म्हातारे परभुदास वाणी एवढे जमले. तरी ते घाबरले नव्हते. त्यांची नजर कोतराकडे होती. आणि आले. कोतराच्या चढावरून आधी पांढरी पागोटी दिसली, मग माणसे. सगळा ओडवास धुतलेले कपडे घालून आला होता. वेला सर्वांच्या पुढे होता. कुणीही न सांगता ते तुकोजीरावांच्या मागे एकामागे एक उभे राहत गेले. रांग चावडीला वळसा घालून पार हौदापाशी पोचली. डाह्याभाईंचे हसू जरा आकसले आणि तुकोजीराव सकाळपासून पहिल्यांदा हसले.

कारकुनाने हातातला कागद दुमडला.

“संपली नावं, रावसाहेब.”

“संपली कशी?” तुकोजीराव म्हणाले. “एवढी माणसं उभी आहेत.”

“ती ओडवासातली. त्यांची नावं नाहीत.”

“नाहीत म्हणजे?”

गणपतरावांनी चष्मा काढून पुसला. ते सज्जन गृहस्थ होते आणि सज्जन माणसाला नको असलेले काम करावे लागते तेव्हा तो चष्मा पुसतो. “तुकोजीराव, मत पट्टी भरणाऱ्याला. नियम तुमच्या गावात दवंडी पिटून वाचला गेला होता ना?”

वाचला गेला होता. दवंडी तुकोजीरावांनीच पिटवली होती. ‘पट्टी भरणारे रहिवासी’ हे शब्द त्यांनी याच चावडीच्या पायरीवर उभे राहून ऐकले होते आणि मान डोलावली होती. तेव्हा त्यांच्या मनात सगळे गाव होते, ओडांसकट. ओड पट्टी भरत नाहीत ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती असे कसे म्हणावे? ती इतकी ठाऊक होती की आठवलीच नाही.

“यांच्या गवती घरांना पट्टी माफ कुणी केली?” गणपतरावांनी विचारले.

“मी.”

“पंचायतीने?”

“पंचायत नको म्हणत होती. मी हट्ट धरला.”

उजवीकडच्या रांगेत कुणी तरी हसले. डाह्याभाईंनी मागे वळून त्याला गप्प केले. तेवढी रीत त्यांच्यात होती. गणपतरावांनी चष्मा लावला आणि कारकुनाला खूण केली. कारकून उठला, डाह्याभाईंची रांग बोट दाखवत मोजत गेला, मग तुकोजीरावांच्या मागची पाच डोकी मोजून वेलापाशी आला आणि थांबला. वेलाने छाती पुढे काढली. कारकून त्याच्या अंगावरून पुढे बघत परत फिरला.

डाह्याभाईंच्या गळ्यात हार पडला, गूळ वाटला गेला, गणपतरावांचा टांगा नव्या सडकेवरून खडखडत निघून गेला. ओड मात्र रांगेत तसेच उभे होते. त्यांना कुणी जा म्हणाले नव्हते.

“बापू, झालं का?” वेलाने विचारले.

“झालं.”

“आपली रांग लांब होती.”

“हो,” तुकोजीराव म्हणाले. “लांब होती.”

ते घरी आले तेव्हा जिजाबाईंना सगळे कळले होते. त्यांनी पाट मांडला, ताट वाढले आणि समोर बसल्या.

“स्वतःच्या हाताने मतं पुसलीत म्हणायची.”

“तुला हसू येतंय?”

“रडून काय होणार आहे?” त्यांनी भाजी वाढली. “माफी दिलीत तेव्हा मला विचारायचं होतंत.”

“काय म्हणाली असतीस?”

जिजाबाईंनी क्षणभर विचार केला. “द्या म्हटलं असतं,” त्या म्हणाल्या.

डाह्याभाईंनी पहिल्याच बैठकीत गाडीपट्टी उठवली. गावात पेढे वाटले गेले. पण सडकेला दरवर्षी मुरूम लागतोच, चावडीला दिवा लागतो, चौकीदाराला पगार लागतो, हे मुखी झाल्यावर डाह्याभाईंनाही कळले. दुसऱ्या बैठकीत त्यांनी ठरवले की कौलारू असो की गवती, गावातल्या प्रत्येक घराने पट्टी द्यायची. ओडवासानेही. पुलाचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, “जोशुं.” बघू. तुकोजीराव तावातावाने त्यांच्या ओट्यावर गेले.

“डाह्याभाई, त्या लोकांच्या घरात दुसऱ्या वेळचं पीठ नसतं.”

“बापू, बसा तर खरे.” डाह्याभाईंनी त्यांच्यासाठी गादी सरकवली. “तुम्ही आमच्याकडून घेत होता, त्यांच्याकडून नाही. मी सगळ्यांकडून घेतो. यात अन्याय कुठला, सांगा ना.”

तुकोजीरावांपाशी संताप पुष्कळ होता, पण ओट्यावर बसून तो मांडायला गेले की त्यातला एकेक शब्द डाह्याभाईंच्याच बाजूने जाऊन उभा राहत होता. ते पाणीही न पिता उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घोडीवर खोगीर टाकले आणि बडोदे गाठले. वाटेत रायणपुऱ्याच्या कापसाच्या गाड्या लागल्या. त्यांच्याच सडकेवरून, त्यांनी घातलेल्या भरावावरून, बैल कसे मजेत चालले होते. गाडीवाल्यांनी “राम राम, बापू” केले आणि गाड्या पुढे काढल्या. कचेरीच्या ओसरीवरच्या बाकावर ते दुपार टळेपर्यंत बसले. मुखी होते तेव्हा शिपाई त्यांना सरळ आत सोडत असे.

गणपतरावांनी त्यांचे सगळे ऐकून घेतले.

“पट्टी बसवायचा अधिकार पंचायतीचा,” ते म्हणाले. “तिथे मी हात घालू शकत नाही. पूलही पंचायतीचाच विषय. महाराज विलायतेत आहेत, वरून काही होईल या आशेवर राहू नका.”

“मग आम्ही करायचं काय, रावसाहेब?”

“एक होईल. गरिबीमुळे सूट मागता येते. पण ती ज्याची त्याने मागायची. अर्जावर अंगठा त्याचा हवा, तुमची सही चालायची नाही. अर्ज आले की मी त्याच दिवशी मंजूर करतो.” त्यांनी कोरे अर्ज पुढे सरकवले. “अर्थात सूट घेतली की मत नाही. ते तुम्हाला आता मी सांगायला नको.”

तुकोजीरावांनी मान खाली घालून कोरे अर्ज घेतले आणि घडी करून अंगरख्याच्या आत ठेवले. मताचे नंतर बघू, आधी पोट, असे त्यांनी स्वतःला बजावले. परतताना ते घोडी दामटत आले. पट्टी भरायचा दिवस उद्यावर आला होता.

सकाळी ते कोतरात उतरले आणि पलीकडचा चढ चढून ओडवासात गेले. वेलाची बायको घराच्या भिंतीला माती लिंपत होती. शेजारच्या घरापुढेही मातीचा गारा कालवलेला होता. हात कोपरापर्यंत माखलेले, त्यामुळे तिने कोपरानेच पदर पुढे ओढला आणि नवऱ्याला हाक मारली. वेला बाहेर आला. अंगावर तेच धुतलेले कपडे, डोक्याला तेच पांढरे पागोटे.

“केम छो, बापू? बसा.” त्याने खाट ओढली.

तुकोजीराव बसले. दारात खुंटा होता, भोवती लीदही होती, पण खुंट्याला काही बांधलेले नव्हते.

“गाढव कुठाय?”

“विकलं.”

“पट्टीसाठी?”

“हा.” वेला हसल्यासारखे करून जमिनीकडे बघू लागला. “घरात सगळी रडली. मीच जास्ती.”

“वेड्या, मग मला सांगायचंस ना.” तुकोजीरावांनी अर्ज काढून खाटेवर पसरले. आता कुठे त्यांना बरे वाटू लागले. “हे बघ. यावर अंगठा उठव. सगळ्यांना उठवायला सांग. पट्टी माफ होईल, खुद्द वहिवाटदारसाहेबांनी शब्द दिलाय. संध्याकाळच्या आत मी गाढव सोडवून आणतो.”

वेला कागदांना हात न लावता बघत राहिला. मग त्याने बायकोकडे पाहिले. ती लिंपायची थांबली होती.

“नको, बापू,” तो म्हणाला.

“नको?”

“तुमचा उपकार विसरणार नाही. पण नको.”

“अरे, उद्या माती कशावर वाहशील?”

“डोक्यावर.”

तुकोजीरावांना राग आला आणि तो कुणाचा करावा हे कळेना. “माझ्यावर रुसला आहेस का? त्या दिवशी रांगेत उभं राहून फुकट गेलं म्हणून?”

“ना रे ना, बापू.” वेलाने हात जोडले. तो बोलणारा माणूस नव्हता. शब्द एकेक करून त्याला उकरून काढावे लागत होते. “आम्ही ओड. एका गावचं तळं खोदायचं, मग दुसऱ्या गावचं. काम संपलं की गाव म्हणतं, उचला आता. माझ्या बापाला कुणी विचारलं, कुठल्या गावचा, तर तो म्हणायचा, गाढवं चरतात तिथला. इथे सडक झाली. काम संपलं. तुम्ही म्हणालात, तुमच्याकडून पट्टी नको.” त्याने भिंतीकडे पाहिले. “आम्हाला वाटलं, आता उठवणार.”

“मी?”

“पाहुण्याकडून कोण पट्टी घेतं, बापू? तेव्हापासून बायकांनी भिंती लिंपल्या नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ. मातीची मेहनत कशाला फुकट घालवायची?”

वेलाच्या बायकोने गाऱ्याचा गोळा उचलला आणि भिंतीवर दाबून हाताने सारवत नेला. तुकोजीराव तिच्या हाताकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत ते या वस्तीत कितीदा आले असतील. भिंतींना भेगा दिसायच्या आणि ते मनात म्हणायचे, गरिबी.

“आणि पूल?” अखेर त्यांनी विचारले.

“मागू. आता मागता येईल ना.”

“डाह्याभाई देणार नाही.”

“नाही दिला तर पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या मागे उभे राहू.”

“माझ्या मागे या की.”

“तुम्ही आलात,” वेला हळूच म्हणाला, “तर पुन्हा माफी द्याल, बापू.”

नाही देणार, असे म्हणायला तुकोजीरावांनी तोंड उघडले. त्यांची नजर रिकाम्या खुंट्यावर गेली आणि तोंड मिटले. त्यांना पक्के ठाऊक होते, आपण देऊ. त्या खुंट्याकडे बघून न देणे त्यांच्याने व्हायचे नव्हते. अर्ज गोळा करून त्यांनी घडी घातली आणि ती कुठे ठेवावी हे न कळून हातातच धरली.

गावाकडून ढोल वाजला. तलाठी चावडीवर बसल्याची खूण होती. घराघरांतून ओड बाहेर पडले, प्रत्येकाने काही तरी विकून आणलेले पैसे कमरेला घट्ट बांधले होते. वेलाने पागोटे चापून बसवले आणि विचारले, “येता, बापू?” तुकोजीराव त्यांच्याबरोबर कोतरात उतरले. जायला दुसरी वाटही नव्हती.

चावडीपुढे गर्दी होती. पटेल मंडळी ओट्यावर, ओड खाली उन्हात. तुकोजीराव कडुलिंबाच्या बुंध्याशी उभे राहिले. एरवी त्यांना पाहून कुणी तरी बसायला जागा करायचे. आज प्रत्येक जण आपापले नाव कधी येते इकडे कान लावून होता. तलाठी नाकावर चष्मा ठेवून भराभर नावे वाचत होता, पटेलांची झाली, कुंभारांची झाली. मग तो अडखळला. कागद डोळ्यांजवळ नेऊन त्याने मोठ्याने पुकारले,

“वेला हीरा ओड, राहणार रायणपुरा.”

वेला तुकोजीरावांच्या अगदी शेजारी उभा होता. नाव त्याला नीट ऐकू गेले होते. पण तो जागचा हलला नाही. मागच्या ओडांनी त्याच्याकडे पाहिले, कुणी ढोसलेही, तरी तो तसाच समोर बघत उभा राहिला.

“अरे, कुठे आहे हा?” तलाठी वैतागला. त्याने मान वर केली आणि पुन्हा, आधीपेक्षा मोठ्याने, पुकारले, “वेला हीरा ओड, राहणार रायणपुरा.”

मग वेला पुढे गेला.